रंग भरणारे हात

आमच्या शाळेत शनिवारी शेवटचे दोन तास कार्यानुभवाचे असतात. गेल्या महिन्यात मी सहावीला रंगवायचे कागद दिले होते. विहीर, तिच्याकाठी कडुलिंबाचे झाड, एक बकरी आणि डोक्यावर हंडा घेतलेली बाई, असे रेघांचे चित्र. मूळ चित्र माझ्याच एका जुन्या वहीतले, त्याच्या पन्नास झेरॉक्स काढून आणल्या. प्रत्येक मुलीला एक कागद आणि बाकामागे रंगीत खडूंची एक पेटी.

वर्गात फिरताना तिसऱ्या बाकाशी थांबले. चार मुलींपैकी तिघी गप्पा मारत होत्या. चौथीच्या पुढ्यात चारही कागद होते, एकाखाली एक सरकवून असे मांडलेले की चारही झाडे एका रांगेत दिसावीत. तिने हिरवा खडू घेतला, चारही झाडे रंगवली. मग तपकिरी घेतला, चारही बुंधे आणि चारही बकऱ्या. मग निळा. हात इतका सराईत की खडू रेघेबाहेर जातच नव्हता.

मला राग आला. "दुसऱ्यांचं काम तू का करतेस?" म्हणून तीन कागद तिच्यासमोरून ओढून घेतले. ती उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "टीचर, असं केलं की लवकर होतं. खडू सारखा बदलावा लागत नाही." वर्ग हसला. मी तिला तास संपेपर्यंत उभे ठेवले. हे मी लपवत नाही, कारण पुढचे सगळे त्यातूनच निघाले आहे.

सुटताना ती वहीवर सही घ्यायला आली तेव्हा तिची बोटे दिसली. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या टोकांवर सोल्यूशनचे वाळलेले पापुद्रे होते. आमच्या वस्तीत हे काय आहे ते कुणाला सांगावे लागत नाही. एकाआड एक खोलीत खोट्या दागिन्यांना खडे चिकटवायचे काम चालते. माल सकाळी येतो, संध्याकाळी परत जातो आणि ग्रोसवर पैसे मिळतात. एक ग्रोस म्हणजे १४४ नग. एकेक झुमका पूर्ण करत बसले तर ग्रोस होत नाही. आधी सगळ्यांचे पांढरे खडे, मग सगळ्यांचे लाल.

त्या रात्री मला एपिनालची आठवण झाली.

बी.एड.ला शैक्षणिक साधनांचा विषय होता. त्यात कोमेनियस हमखास यायचा. त्याचे १६५८ मध्ये न्यूरेम्बर्गला छापलेले मुलांसाठीचे सचित्र पुस्तक, आणि 'चित्रातून शिक्षण' या मथळ्याखाली पाच गुण. परीक्षेपुरते ते सगळ्यांनी पाठ केले. पण कोमेनियसचे पुस्तक गरिबाच्या मुलाच्या हाती कितीसे पडणार? त्याच्या हातात चित्र आले ते एकोणिसाव्या शतकात, एका सुट्या कागदाच्या रूपाने, आणि तो कागद एक सू म्हणजे पाच सांतीमला मिळायचा. हे पुस्तकात नव्हते, मी नंतर हौसेने वाचत गेले.

एपिनाल हे फ्रान्सच्या पूर्वेकडचे, व्होज डोंगररांगेच्या पायथ्याशी, मोझेल नदीकाठचे गाव. तिथे ज्यां-शार्ल पेल्रँ नावाच्या माणसाने १७९६ मध्ये चित्रे छापायचा कारखाना काढला. त्याआधी त्याच्या घरी पत्ते आणि घड्याळांच्या तबकड्या छापण्याचा धंदा होता. सुरुवातीला चित्रे मोठ्या माणसांसाठी असत, संतांची, राजांची, भिंतीवर लावायची. पुढे नेपोलियन आला. त्याच्या पाडावानंतर राजसत्ता परतली आणि १८१६ मध्ये नेपोलियनची चित्रे बाळगल्याबद्दल याच पेल्रँवर खटला झाला. १८३० नंतर वारा फिरला, तसे फ्रांस्वा जॉर्जँ नावाच्या त्याच्या कोरक्याने नेपोलियनच्या लढायांची चित्रे अशी कोरली की ती गावागावात गेली. एका कागदासाठी मालकाला कोर्टात उभे करतात आणि थोड्या वर्षांनी तोच कागद घराघरात लागतो. अशा गोष्टी आपल्याला काही नवीन नाहीत.

मुलांचे कागद खऱ्या अर्थाने वाढले ते शतकाच्या मध्यापासून. साधारण वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा कागद, त्यावर चौकटींच्या रांगा, बहुधा सोळा नाहीतर वीस. प्रत्येक चौकटीखाली दोन-तीन ओळी. पेरोने १६९७ मध्ये छापलेल्या परीकथा, म्हणजे सिंड्रेला, बूट घातलेले मांजर आणि अंगठ्याएवढा मुलगा, या कागदांवर पुन्हा पुन्हा आल्या. घरात दुसरे पुस्तक नसलेल्या मुलाला एका सूमध्ये पूर्ण गोष्ट मिळत होती. मूळाक्षरांचे कागद होते. हंसाच्या खेळाचे पट होते, त्रेसष्ट घरांचा गोल फिरत जाणारा पट, फासे टाकायचे, कुठे पूल लागतो, कुठे विहिरीत पडून अडकायचे. आपल्या सापशिडीचा चुलतभाऊच म्हणा. कापून, दुमडून, डिंकाने चिकटवून उभे करायचे घर असे, चर्च असे, कागदी नाटकघर असे. आणि शिपाई तर असंख्य. रांगेत उभे केलेले शिपाई पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि कातरून खेळायचे.

आपली मुले स्टेशनरीच्या दुकानातून प्रोजेक्टसाठी चित्रांचे कागद आणतात, फळांचा, वाहनांचा, थोर पुरुषांचा, आणि कातरून वहीत लावतात. तो कागद हातात घेतला की एपिनाल फार दूर वाटत नाही.

या शिपायांत झुआव पलटणीचेही असत, सैल लाल विजार घातलेले. ही पलटण फ्रेंचांनी १८३० मध्ये अल्जीरियावर स्वारी केल्यावर तिथे उभी केली होती. म्हणजे फ्रान्समधले पोर जेवणाच्या टेबलाखाली जे शिपाई मांडत होते, ते अल्जीरियाच्या गावांत खरोखर शिरलेले होते. त्याच छापखान्यातून अलीबाबा आणि चाळीस चोरही निघाले. अलिफ लैलाच्या कथा फ्रेंचमध्ये आणल्या आंत्वान गालांने, १७०४ पासून पुढे, आणि अलीबाबा त्याला सांगितला तो हलबच्या हन्ना दियाब या अरब ख्रिस्ती तरुणाने. त्या कागदांवर सगळ्यांच्या डोक्याला भोपळ्याएवढे फेटे आहेत, आणि फ्रेंच मुलाच्या मनात आपण वर्षानुवर्षे त्या फेट्यातच राहिलो असणार. एक सूच्या कागदाची ताकद कमी समजू नये.

शाळेच्या अंगानेही हे कागद पाहण्यासारखे आहेत. फ्रान्सच्या शाळांत चांगल्या वागण्याबद्दल मुलांना 'बाँ प्वँ' म्हणजे चांगल्या गुणाची छोटी चिठ्ठी मिळे. ठरावीक चिठ्ठ्या साठल्या की गुरुजी एक चित्र देत. आपण वहीवर स्टार काढतो तसेच ते. आणि गोष्टींतही शिस्तीचा भार फार. खोटे बोलणारा मुलगा, हावरट मुलगी, आईचे न ऐकणारा, या प्रत्येकाची पहिल्या चौकटीत खोडी आणि शेवटच्या चौकटीत फजिती. मला त्यापेक्षा 'उलटे जग' नावाचा प्रकार आवडतो. त्यात घोडा माणसावर बसतो, मासा कोळ्याला गळाला लावतो, बाळ बापाला पाळण्यात झुलवते. हा विषय छापखान्यापेक्षाही जुना. वर्षभर छडी खाणाऱ्या मुलांना तो कागद किती गोड लागला असेल ते शिक्षकालाच कळेल.

आता मूळ मुद्द्याकडे येते. चित्र छापले कसे जायचे?

आधी नासपतीच्या लाकडाच्या फळीवर रेघा उठावदार राहतील असे कोरत. त्या ठशावर काळी शाई फिरवून हातदाबावर कागद काढत. आपल्याकडे चादरींवर ठसे मारतात त्याच जातीचे काम. १८५० च्या सुमारास लाकडाऐवजी शिळाछाप आला. पण शिळा असो की लाकूड, त्यातून निघे ती फक्त काळी रेघ. मुलाला हवा असतो रंग. काळ्या रेघेच्या चित्राला रंग देणारे यंत्र शतक संपता संपता आले, तोवर सगळे रंग हाताने भरले जात.

हाताने म्हणजे चित्रकार कुंचला घेऊन बसला आहे असे नव्हे. ईदच्या आधी बाजारात मेहंदीचे तयार स्टेन्सिल येतात ना, हातावर ठेवायचे आणि वरून मेहंदी फिरवायची, तसे. तेल पाजलेल्या कडक कागदात एका रंगाच्या जागा कापून काढत. लालसाठी एक कागद, निळ्यासाठी दुसरा, पिवळ्यासाठी तिसरा. छापलेल्या चित्रावर तो बसवायचा आणि जाड गोल कुंचला फिरवायचा. उचलायचा, पुढचे चित्र. थप्पीच्या थप्पी लाल झाली की ती निळ्याकडे जायची. हे काम करत बायका आणि मुले. कारण उघड होते. कौशल्य थोडे लागे आणि मजुरी थोडी द्यावी लागे.

एपिनालपुरतेच हे नव्हते. प्रशियातल्या नॉयरूपीन या गावी गुस्ताव क्यूनचा असाच प्रचंड छापखाना होता. युद्ध, आग, राजाचे लग्न, मुलांचे खेळ, सगळे तिथे एका कागदावर निघे आणि जर्मनीभर जाई. जर्मन लेखक थिओडोर फोंटाने १८१९ मध्ये याच गावात जन्मला, आणि आपल्या प्रवासवर्णनात त्याने या कागदांचे कौतुक लिहून ठेवले आहे, की लंडनचे मोठे वर्तमानपत्र जिथे पोहोचत नाही तिथे ते पोहोचतात. तिथेही स्टेन्सिल आणि मुलेच. लंडनमध्ये शतकाच्या सुरुवातीला मुलांची रंगीत पुस्तके निघत, तीही मुलेच रंगवत. टेबलाभोवती बसायचे, एकाकडे लाल, शेजारच्याकडे निळा, पाने हातोहात पुढे सरकायची.

माझी विद्यार्थिनी म्हणाली तेच. असं केलं की लवकर होतं.

म्हणजे एका मुलाने एक सू देऊन घेतलेल्या बाहुलीच्या गालाला जो लाल ठिपका आहे, तो त्याच्याच वयाच्या दुसऱ्या मुलाने दिलेला. त्याने त्या दिवशी तसे शेकडो गाल रंगवले असतील. गोष्ट शेवटपर्यंत वाचायची म्हटली तर त्याला ती वाचता आली असती का, हेही त्याचे नाव शाळेच्या पटावर होते की नाही यावर अवलंबून.

फ्रान्समध्ये १८४१ साली मुलांच्या कामाबद्दल पहिला कायदा झाला. आठ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचे नाही, आठ ते बारा वयाच्या मुलांचे काम दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त नको, बारा ते सोळा वयाच्यांचे बारा तासांपेक्षा जास्त नको. वाचून आज आपण कानावर हात ठेवू, पण त्या काळी कारखानदारांना हा जुलूम वाटला. कायदा लागू होता यंत्राच्या कारखान्यांना आणि वीसपेक्षा जास्त कामगार एकत्र असलेल्या जागांना. लहान कार्यशाळा बाहेर, घरचे काम बाहेर. तपासनीसही बिनपगारी. १८७४ च्या कायद्याने वय बारा केले आणि पगारी तपासनीस नेमले, तरी काही धंद्यांना दहाची सवलत राहिलीच. मग १८८१ मध्ये प्राथमिक शिक्षण फुकट झाले आणि १८८२ मध्ये सहा ते तेरा वयासाठी सक्तीचे. मला यातले शेवटचे दोन जास्त महत्त्वाचे वाटतात. नुसते 'कामावर घेऊ नका' म्हटल्याने मूल घरी येते, शाळेत येत नाही.

आपल्याकडे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, सहा ते चौदा. त्याचे प्रशिक्षण मी दोनदा घेतले आहे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन चौदाखालच्या मुलांना सगळ्याच धंद्यांत बंदी आली, पण शाळेची वेळ सोडून आणि सुटीत घरच्या उद्योगाला मदत करायला मोकळीक ठेवली. कागदावर हे ठीक दिसते. शेतात, दुकानात मुलाने आईबापाला हात लावू नये असे कोण म्हणेल? पण खड्यांचा माल ज्याच्याकडून येतो तो घरचा नसतो. घर फक्त जागा असते. फ्रान्सच्या कायद्याला १८४१ मध्ये ज्या दारातून गळती लागली होती, ते दार मला ओळखीचे वाटते.

त्या शनिवारनंतर मंगळवारी मी तिच्या घरी गेले. दहा बाय बाराची खोली, मधोमध चादर, चादरीवर ताटे, ताटात झुमके. आई, मोठी बहीण, एक खाला आणि माझी विद्यार्थिनी. मला पाहून तिने हातातले ताट मागे सरकवले. आई घाईने उठल्या, खुर्ची पुसली, चहा टाकला. मी बोलायचे ते मनात जुळवून गेले होते. तालीम, हक्क, वय, सगळे.

त्या म्हणाल्या, "मॅडम, हिचे अब्बा रिक्षा चालवतात. रिक्षा भाड्याची आहे. वरचं भाडं कुठून द्यायचं? मी हिला शाळेतून काढलं नाही. मोठीला काढलं होतं, हिला नाही काढणार." मोठी खाली बघून खडे लावत राहिली. चिमट्याने खडा उचलायचा, टेकवायचा, दाबायचा. आईंनी विचारले, "शाळेत काही चुकलं का हिचं?"

मी म्हटले, "नाही. माझं चुकलं." आणि शनिवारची गोष्ट सांगितली. त्यांना त्यात विशेष काही वाटले नाही, मुलीला मात्र वाटले असावे. तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले.

निघताना माझ्या लक्षात आले की माझ्या कानात तसेच झुमके आहेत. स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरून घेतलेले, घासाघीस करून दहा रुपये कमी केलेले. त्या खोलीतल्या चौघींनी ते आल्याआल्याच ओळखले असणार, कोणी बोलले नाही एवढेच.

फार काही करू शकले असे सांगत नाही. परीक्षेच्या आधीचा एक महिना तिला संध्याकाळी ताटाला बसवायचे नाही एवढे आईंनी कबूल केले, आणि मोठीचे नाव मुक्त विद्यालयात घालण्याबद्दल बोलणे सुरू आहे. अब्बांची संमती अजून यायची आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे काम चालते त्यांना मी दोष देत नाही. माझी विनंती एवढीच, की ताटाभोवती कोण बसते आणि कधी बसते हे आठवड्यातून एकदा तरी मोजून बघा. माल देणाऱ्याकडे दर ग्रोसमागे दोन रुपये वाढवून मागण्याची हिंमत चार घरे मिळून केली तर एक मूल ताटावरून उठू शकते. एकट्या घराला तो 'दुसरीकडे देतो' म्हणतो, हे मला माहीत आहे.

फ्रेंच भाषेत आजही एखाद्या गोष्टीचे फार गोडगोड, साधेभोळे वर्णन केले की त्याला 'एपिनालचे चित्र' म्हणतात. गावात आज त्या चित्रांचे संग्रहालय आहे. मुलांचे जे कागद तिथे आणि फ्रान्सच्या ग्रंथालयांत नीट राहिले, त्यांतले बरेच कायद्याने सरकारजमा करायच्या प्रतींमुळे राहिले. मुलांच्या हाती गेलेले कागद मुलांनी कातरले, चिकटवले, फाडले. त्यासाठीच ते होते.

पुढच्या कार्यानुभवाच्या तासाला मी एपिनालच्या एका जुन्या कागदाची रंगीत प्रत काढून वर्गात नेली. सिंड्रेलाची गोष्ट. मुलींना चौकटींवरून ती मराठीत सांगायला लावली, भाषेचाही तास झाला. भोपळ्याची गाडी झाली तिथे सगळ्या खूश. मग सांगितले की हे रंग तुमच्याएवढ्या मुलांनी भरले आहेत, एकेकाने एकेक रंग. कागद बाकाबाकावर फिरला.

तिसऱ्या बाकावर तो बराच वेळ थांबला. तिने कागद डोळ्यांजवळ धरला होता. मी गेले तेव्हा तिने एका चौकटीवर बोट ठेवले. तिथे सिंड्रेलाच्या झग्याचा लाल रंग रेघ सोडून हातावर आला होता. शेजारच्या चौकटीतही तसाच, त्याच बाजूला.

"टीचर," ती म्हणाली, "इथे याचा कागद सरकला होता. त्याला कळलं होतं, पण थांबला नाही."